मार्चमध्ये न जाणारी माणसं

(पत्र मोठं होतं. जागेसाठी कापलं आहे. कापलेल्या भागातलं काही उत्तरात येईल.)

आदरणीय बाई,
स. न. वि. वि.

मी १९९० च्या जूनमध्ये पाचगणीच्या एका निवासी शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि गेल्या मे महिन्यात तिथूनच निवृत्त झालो. मधली ३४ वर्षं शाळेच्या आवारात गेली, त्यातली १९ हाऊस मास्टर (वसतिगृहप्रमुख) म्हणून. आता फोंड्याजवळच्या आमच्या वडिलोपार्जित घरी परतलो आहे. धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं इथेच असतात. आमची ही दर मे महिन्यात दीड महिना इथे येऊन राहायची. मी दहावीचे जादा वर्ग उरकून आठवडाभर.

घरात कुणी वाईट वागत नाही. पण मला पहाटे साडेपाचला जाग येते आणि पुढे काय करायचं ते कळत नाही. मी दोन-तीन सुधारणा सुचवल्या. विहिरीवरच्या पंपाचं वेळापत्रक करून भिंतीला लावलं, ते दुसऱ्या दिवशी तिथे नव्हतं. देवस्थानच्या बैठकीत फलकावरच्या इंग्रजीच्या चुका दाखवल्या, तर लोक हसले. भावाला काहीही विचारलं की तो 'पळोवया' (बघूया) म्हणतो आणि कुळागरात, सुपारीच्या बागेत, निघून जातो.

माझे विद्यार्थी जगभर आहेत. वाढदिवसाला चारशेहून जास्त मेसेज आले. माझी मुलगीही त्याच शाळेत शिकली. ती आता बंगळुरूला असते. ती मात्र दोन मिनिटांत फोन ठेवते. दिवाळीत म्हणाली, "बाबा, माझ्या बॅचच्या सगळ्यांचे रिमार्क तुम्हाला पाठ आहेत. माझ्या रिपोर्टवर काय लिहायचात ते आठवतं?" मला आठवलं नाही. हिचं बरं चाललंय.

आता शाळेतून फोन आला आहे. दोन वर्षांसाठी ज्येष्ठ वॉर्डन म्हणून या, क्वार्टर आणि २८,००० मानधन. ग्रॅच्युइटी अजून मिळालेली नाही. तीही 'आलात की बघू' म्हणतात. दुसरा पर्याय म्हणजे इथे पुढच्या हॉलमध्ये स्पोकन इंग्लिशचे वर्ग. हॉल मी रंगवून घेतला आहे. काय करू? मुलांत राहिल्याशिवाय माझं जमणार नाही, एवढं नक्की.

– घंटा हरवलेला मास्तर, अंत्रूज (फोंडा)

*

सर,

आधी पैशांचं बोलते. पत्रातली सगळ्यात ठोस गोष्ट तुम्ही सगळ्यात हळू आवाजात सांगितली आहे.

ग्रॅच्युइटी ही कुणाची मेहेरबानी नाही. खासगी शाळेतल्या शिक्षकाला ती मिळते की नाही यावर एकेकाळी वाद होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षक ग्रॅच्युइटी कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत. मग २००९ मध्ये संसदेने व्याख्याच बदलली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून लागू होईल अशी, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. संस्थाचालकांना हे ठाऊक नसतं असं समजू नका. हिशेब चौथीतल्या पोराला जमेल असा आहे. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता घ्या, १५ ने गुणा, २६ ने भागा, आणि जे येईल त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणा. तुम्ही वेगळ्या कागदावर ५२,००० लिहिले आहेत. म्हणजे एका वर्षाचे ३०,००० आणि ३४ वर्षांचे १०,२०,०००. ही रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याजासह. तुम्हाला आठ महिने झाले.

तेव्हा लेखी अर्ज करा, पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. उत्तर आलं नाही तर सातारा भागात कामगार कायदे बघणारा वकील गाठा. अशा कामांत मुदतीचे मुद्दे निघतात, म्हणून 'जत्रा झाल्यावर बघू' नको. इतकी वर्षं मुलांकडून औपचारिक पत्र घोटून घेतलंत, विषयाची ओळ कुठे आणि मायना कुठे. एक स्वतःसाठी लिहा.

आणि 'आलात की बघू' हे वाक्य परत वाचा. इंग्रजीच्या शिक्षकाला मी काय सांगणार, पण त्यात एक अट लपली आहे. तुमचेच पैसे तुमच्यापुढे गाजरासारखे धरले आहेत. वॉर्डनच्या नोकरीला माझं उत्तर नाही असं आहे. पेन्शन फंडाचे महिन्याला चार हजारांच्या घरात येतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून २८,००० नाकारायला सांगणं मला सोपं जात नाही. पण हिशेब सुटला की ती ओढ निम्मी उरेल. उरलेली निम्मी पैशांची नाहीच. तिच्याबद्दल बोलू.

तुम्ही म्हणता, मुलांत राहिल्याशिवाय जमणार नाही. तुमच्या घरात दोन मुलं आहेत, सर. भावाची. अख्ख्या पत्रात त्यांची नावं नाहीत, ती कितवीत आहेत ते नाही, त्यांचं इंग्रजी कसं आहे तेसुद्धा नाही! तेव्हा मुलांची भूक आहे म्हणता ते मला पटत नाही. मला वाटतं, तुम्हाला जाणाऱ्या माणसांची सवय झाली आहे.

बघा ना. पाचवीत एक पोरगं ट्रंक घेऊन येतं, पहिले पंधरा दिवस रात्री उशीत तोंड खुपसून रडतं. तुम्ही त्याला सांभाळता. सहावीत ते मारामारी करतं, आठवीत उलट बोलतं, नववीत तुमचा मनापासून द्वेष करतं, आणि दहावीच्या मार्चमध्ये निरोपाच्या दिवशी पाया पडून पसरणी घाट उतरून जातं. जूनमध्ये नवीन ट्रंक. प्रत्येक भांडणाला तिकडे एक मार्च होता. जे पोरगं तुम्हाला मानायचं ते मान ठेवून गेलं, ज्याच्यावर तुमच्या हातून अन्याय झाला ते तो अन्याय बरोबर घेऊन गेलं. तुम्ही दर जूनला कोऱ्या पाटीसारखे वर्गात उभे. अशा ३४ कोऱ्या पाट्या मिळणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. संसारी माणसाला एकही मिळत नाही.

हे मी थोड्या हेव्याने लिहिते आहे. मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात २८ वर्षं मराठी शिकवलं. आमच्याकडे मुलं साडेसातला यायची आणि दीडला घरी जायची. ते घर माझ्याच वाटेवर. माझे विद्यार्थी गेलेच नाहीत कुठे. माझी मासळी विद्यार्थिनीकडून येते, विजेच्या खांबावर विद्यार्थी चढतो, नववीत दोनदा बसलेला एक जण आता पंच आहे आणि घरपट्टीचं काम असलं की मी त्याला 'अहो' म्हणते.

त्यातला एक नळजोडणीची कामं करतो. आठवीत असताना त्याने पावसावर एक निबंध लिहिला होता. इतका चांगला, की हा याचा असूच शकत नाही असं मी भर वर्गात म्हणाले. कुठून उतरवलास ते सांग, म्हणून त्याला तास संपेपर्यंत उभा ठेवला. तो काही बोलला नाही. पुढे वीस-एक वर्षं आम्ही रोज एकमेकांना दिसत होतो. बाजारात, बसस्टॉपवर, पालखीत. तो मान हलवायचा, मीही. एकदा माझ्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून त्याला बोलावलं. सिंकखाली डोकं घालून काम करता करता म्हणाला, "बाई, तो निबंध माझाच होता." मी म्हटलं, "ठाऊक आहे." मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तेव्हा वर्गात कबूल करायची हिंमत झाली नाही आणि पुढे दिवस निघून गेले. त्याने नळ बसवला, पैसे पुरे घेतले, एक रुपया सोडला नाही. मला त्याचं बरं वाटलं.

तुमच्याकडचा तो मुलगा आज न्यू जर्सीत असता आणि वाढदिवसाला तुम्हाला केकचं चित्र पाठवत असता. त्या मेसेजांना मी खोटं म्हणत नाही. पण ते सगळे, तुम्ही अडतीस वर्षांचे असताना जे सर होतात, त्यांना आलेले मेसेज आहेत. (आणि गोव्यात राहायला आलात म्हटल्यावर त्यातले निम्मे भेटायला येतीलच, कळंगुटहून फोन करतील, "सर, आम्ही अकरा जण आहोत." तेव्हा वहिनींना, म्हणजे तुमच्या बायकोला, न विचारता "जेवायलाच या" म्हणू नका.)

आता तुमचा भाऊ. मी त्याला ओळखत नाही, पण 'पळोवया' म्हणणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. तुम्हाला त्यात टाळाटाळ ऐकू येते. प्रेपच्या (अभ्यासाच्या) तासाला "बघू सर" म्हणणाऱ्या पोराचं तुम्ही काय केलं असतंत ते मला दिसतंय. पण आपल्याकडचं 'पळोवया' हे होही नव्हे आणि नाहीही नव्हे. त्यात एवढंच असतं, की घाई कशाला, तूही इथेच आहेस आणि मीही. ज्याला मार्चच नाही त्याची ही भाषा आहे. तुम्हीही लहानपणी हीच बोलला असाल. घाट चढताना विसरलात.

पंपाचं वेळापत्रक त्याने काढून टाकलं, कारण ते चुकीचं असणार. माफ करा, पण असणारच. कुठल्या दिवशी कुठल्या सुपाऱ्यांना पाणी, वीज केव्हा जाते, विहीर केव्हा तळ दाखवते, शेजारच्या वाड्यातले लोक केव्हा ओढतात, पाट कुठे फुटतो, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. त्याने ते कधी कागदावर उतरवलं नाही, कारण वाचणारं दुसरं कोणी नव्हतंच. तुम्ही वर्षाला एक आठवडा होतात.

तुमच्या पत्रातली एक कापलेली ओळ मला फार आवडली. क्वार्टरमधल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर शाळेने पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला होता, क्वार्टर ७, खुर्ची ३. तुमच्या या घरात आकडे नाहीत. तरी कुठल्या खुर्चीवर कोण बसतं, कुठल्या खुंटीला कोणाचा टॉवेल, गड्यांच्या चहाचे पेले कुठे पालथे घालायचे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला नाही. तुम्ही या घरात पाचवीतलं नवीन पोरगं आहात, सर. ट्रंक घेऊन आलेलं. फरक एवढाच, की त्या पोराला हॉल रंगवायची परवानगी नसते.

हॉलवरून आठवलं. रंग देण्याआधी कोणाला विचारलंत? घर दोघा भावांचं सामाईक. शिवाय वेगळा करार करून लग्न झालेलं नसेल तर आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. तुम्ही ज्याला 'माझा वाटा' म्हणता त्यात वहिनी आहेत, आणि भावाच्या वाट्यात त्याची बायको. म्हणजे एका भिंतीच्या रंगाला चार माणसं विचारायची होती. पिस्ता रंग आहे का हो? बहुधा पिस्ताच असणार.

वहिनींवर तुमच्या पत्रात तीन शब्द आहेत. हिचं बरं चाललंय. मी ते तीन शब्द बराच वेळ बघत बसले. त्यांचं बरं का चाललंय याचं उत्तर तुम्हीच वर लिहून ठेवलंय आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही. त्या दर मे महिन्यात दीड महिना इथे होत्या. चौतीस मे. फणसाचे गरे काढणं, कोकमाची सोलां वाळत घालणं, जावेशी रुसवे-फुगवे, ते मिटणं, कुणाचं बाळंतपण, कुणाचं बारावं. तुम्ही जादा वर्ग उरकत होतात तेव्हा त्यांनी या घराची हजेरी भरून ठेवली. त्यांना विचारा, इथे कसं राहायचं म्हणून. मला पत्र लिहायच्या आधी त्यांना विचारायला हवं होतं, पण ठीक आहे, आमचंही सदर चाललं पाहिजे.

आता मुलगी. इथे मी जरा सावकाश लिहिणार आहे.

तुम्ही लिहिलंय, की सहावीपासून तिला क्वार्टरमध्ये न ठेवता मुलींच्या वसतिगृहात ठेवलंत. इतर मुलांना पक्षपात वाटू नये म्हणून. तिचा रिपोर्टही मुद्दाम त्रयस्थपणे लिहायचात. आणि दुसऱ्याच परिच्छेदात अभिमानाने सांगता, की दर रविवारी नाश्त्यानंतर अख्ख्या शाळेकडून घरी पत्रं लिहून घ्यायचा शिरस्ता होता. शिक्षक स्पेलिंग तपासायचे आणि मगच पाकीट बंद व्हायचं.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघितल्या आहेत का कधी? तुमची अकरा वर्षांची मुलगी दर रविवारी सकाळी बाकावर बसून घरी पत्र लिहीत होती. घर म्हणजे क्वार्टर नंबर ७. तुम्हीच लिहिता, वसतिगृहापासून दोनशे पावलांवर. खिडकीतून तिला आईने वाळत घातलेले कपडे दिसत असतील. आणि ती लिहीत होती, 'मी इथे मजेत आहे, तुम्ही कसे आहात.' कारण पत्र तपासलं जाणार होतं, आणि तपासणारे तुमच्याच स्टाफरूममधले.

तुमच्यावर आरोप ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. शिक्षकांच्या मुलांना नियम दुप्पट लागतात. माझा मुलगा माझ्याच वर्गात होता आणि त्याला मी वर्षभर एकही प्रश्न विचारला नव्हता. तो हात वर करून थकला, मग त्याने हात वर करणं सोडलं. निःपक्षपातीपणाची किंमत आपण दिली असं आपल्याला वाटतं. ती कोणाच्या खात्यातून गेली ते बघायचं राहून जातं.

तर ती पत्रं कुठे आहेत? ती टाकून दिली असतील यावर माझा विश्वास नाही. वहिनींच्या कपाटात, साड्यांखाली किंवा एखाद्या बिस्किटाच्या डब्यात असतील. मागून घ्या. दोघं मिळून वाचा. हातात पेन नको. मग मार्गशीर्ष-पौष बघत न बसता बंगळुरूची रात्रीची बस पकडा. फोनवर हे होणार नाही. दोन मिनिटांत फोन ठेवणारी मुलगी दोन मिनिटं तरी उचलते, त्यावरून मी सांगते, ती तुम्हाला दारातून परत पाठवणार नाही. चार दिवस राहा. तिच्या घरी जे वेळापत्रक असेल त्यात बसा. रिपोर्टवर काय लिहायचात ते आठवत नाही, हे तिला सरळ सांगा, आणि तिला आठवतं का ते विचारा. तिला आठवत असणार. तो शब्द ती उच्चारेल तेव्हा 'त्या वेळी परिस्थिती अशी होती' हे वाक्य तोंडातून बाहेर पडू देऊ नका. ते खरं असलं तरीही. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. कदाचित ती चहा करायला उठून जाईल आणि विषय बदलेल. तेवढं झालं तरी चार दिवस वाया गेले असं समजू नका. महिन्या-दोन महिन्यांनी परत जा. ती मार्चमध्ये जाणारी नाही.

क्लासचं मात्र मला सांगायला आवडेल, कारण त्यात तुमचं खरं काम दडलं आहे, पण ते हॉलमध्ये नाही. स्पोकन इंग्लिशचा फलक लावलात की तीन महिन्यांची बॅच आली, फी आली, गेली. परत तेच. त्याऐवजी गावातल्या सरकारी प्राथमिक शाळेत जाऊन बघा. तुम्ही स्वतः कुठे शिकलात ते आठवा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी निघालेल्या मराठी शाळांपैकीच एकीत ना? चौथीपर्यंत सगळं मराठीतून आणि पाचवीत एकदम इंग्रजी. अजूनही मराठी-कोकणी प्राथमिकमधून येणाऱ्या मुलांना पाचवीत तीच उडी मारावी लागते. तुम्ही ज्या वर्षी पाचगणीला गेलात त्याच १९९० मध्ये इथे ठरलं, की प्राथमिक शाळांचं अनुदान प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्यांनाच. २०११ मध्ये ते इंग्रजी माध्यमालाही द्यायचं ठरलं तेव्हा केवढं रान पेटलं होतं. तुम्ही या सगळ्याच्या बाहेर होतात, ते एका परीने बरंच झालं. माध्यमाच्या भांडणात तुम्हाला कुठल्याच बाजूने ओढता येणार नाही. भांडण कोणीही जिंको, चौथीतल्या आठ-दहा पोरांना पुढच्या वर्षी इंग्रजीतून विज्ञान वाचायचं असतं आणि त्यांना ओळ लागत नसते.

मुख्याध्यापक बाईंना भेटा. आठवड्यातून दोन दिवस, एक तास, फुकट, त्या सांगतील तसं. लेखी परवानगी लागेल, ती त्यांनाच काढू द्या. पहिल्या भेटीत फलकावरच्या चुका दाखवू नका. आणि एक लक्षात असू द्या. ही मुलं शाळा सुटल्यावर तुमच्याच वाटेने घरी जाणार आहेत. त्यातलं एखादं वीस वर्षांनी तुमचा नळ दुरुस्त करायला येईल.

देवस्थानच्या बैठकीतलं हसणं मनाला लावून घेऊ नका. अंत्रूजमधल्या बैठकीत लोक हसले नाहीत तर काळजी करावी. पण तिथल्या लोकांना तुमची एक गरज असू शकते. देवळाच्या उत्सवातलं नाटक तुमच्या गावात होतच असणार. रात्री नऊ-साडेनऊला तालमी सुरू होतात. गवंडी, बँकेतला कारकून, ट्रकवाला, सगळे दिवसभर राबून येतात आणि तिसऱ्या अंकात संवाद विसरतात. चांगला प्रॉम्प्टर कुठल्याच गावाला मिळत नाही. ज्याला आवाज आहे त्याला मुख्य भूमिका हवी असते. विंगेत स्टुलावर बसायचं, सबंध नाटक ओठांवर ठेवायचं, आणि नट अडखळला तरच बोलायचं, तेही शेजारच्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. चौतीस वर्षं भरल्या वर्गाला मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोललेल्या माणसाला हे अवघड जाईल. पहिल्या तालमीत तुम्ही चारदा मध्ये पडाल. नट सांगतील. मराठी लिहिताना हात अडखळतो म्हणता, तर त्यालाही हेच औषध. (तुमचं मराठी उत्तम आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, मी गुपचूप सुधारल्या, लाल शाई वापरली नाही.)

राहता राहिली पहाट. साडेपाचला जाग येते तर येऊ द्या, ती मोडायच्या भानगडीत पडू नका. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों वाजेपर्यंत तास-दीड तास असतो. भाऊ पाणी सोडायला जातो त्याच्या मागोमाग जा. चपला काढून. काही विचारू नका, काही सुचवू नका, वहीत टिपून घेऊ नका. तो एक वाफा भरून दुसरीकडे पाणी वळवतो ते बघा. चार-पाच दिवसांनी तो आपण होऊन एखादं अवजार तुमच्या हातात देईल, किंवा देणार नाही. दिलं तर तुम्ही पाणी चुकीच्या बाजूला वळवाल आणि तो काही न बोलता नीट करेल. त्याने तुमचं वेळापत्रक काढलं तेव्हाही तो बोलला नव्हता. तेच मौन आहे हे, फक्त तुम्ही त्याच्या जवळ उभे असाल.

आणि पुतण्यांची नावं पुढच्या पत्रात लिहा.

हे उत्तर वहिनींना वाचायला द्या. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना काही वेगळं सांगायचं असेल तर वेगळ्या पाकिटात पाठवायला सांगा. दोन्ही पत्रं एकाच टपालाने आली तर आधी त्यांचं छापीन.

तुमची,
बाई